धाकटीची पाठ

त्या वर्षी मिठाचं पीक छान धरलं होतं, पण आभाळाचं लक्षण ठीक दिसत नव्हतं. उन्हाळा अजून पुरता तापलाही नव्हता आणि रोज दुपार कलली की समुद्राकडून काळे पुंजके वर यायचे, वाफ्यांवर सावली टाकायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मिठागरावरच्या माणसाला एवढी सावलीही पुरते. महिनोन्‌महिने उन्हात आटवलेलं पांढरंशुभ्र मीठ एका जोरदार सरीत पुन्हा पाणी होऊन जातं. त्यामुळे सगळ्यांनी घाई धरली होती. वाफ्यातलं मीठ ओढायचं, टोपल्यांनी उंच बांधावर न्यायचं, रास करायची आणि ती झाकून टाकायची.

ह्या घरातले दोघे भाऊ मीठ ओढायचे. दोघी जावा ते डोक्यावरून वाहायच्या. सासू घर आणि पोरं बघायची. घरात आणि वस्तीत त्या दोघींना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणत.

धाकटीची चाल साऱ्या मिठागरावर ठाऊक होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली टोपली, दोन्ही हात मोकळे सोडलेले, आणि मान अशी सरळ की निसरड्या बांधावरूनही मिठाचा खडा खाली पडायचा नाही. मुकादम एरवी कुणाचं कौतुक करणारा माणूस नव्हता. पण तोही म्हणायचा, "ही चालते तेव्हा टोपलीला झोप लागत असेल."

थंडीत तिला मुलगी झाली. बाळंतपण सुखाचं झालं. दुखणं नंतर सुरू झालं. पाठीच्या मधोमध कुणी अंगठा रोवून ठेवावा तसं काहीतरी दिवसभर असायचं. वाकलं की दुखायचं, शिंकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सासूला सांगितलं तर ती हसली.

"बाळंतिणीची पाठ दुखणार नाही तर कुणाची दुखणार? मी चौघांना जन्म दिला. प्रत्येक वेळी ओली बाळंतीण असतानाच वाफ्यात उतरले."

धाकटीनं ते मनावर घेतलं. आपणच नाजूक, असं स्वतःला बजावलं. परकर जमिनीला घासायला लागला तेव्हा कंबर उतरली असेल म्हणून तिनं तो वर खोचला. दोन दिवसांनी तो पुन्हा घासायला लागला. तिनं पुन्हा वर खोचला.

एके दिवशी सकाळी मुलगी चटईवर हातपाय झाडत पडली होती. धाकटी वाकली, तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचलायला गेली, तर पाठीत कट्कन वाजलं. मिठाच्या वरच्या पापुद्र्यावर पाय पडला की वाजतं तसं. ती होती तशी गुडघ्यावर बसून राहिली. पोर हातात, जमिनीपासून वीतभर वर. वर घेता येईना आणि खाली ठेवता येईना.

"आई," ती हळूच म्हणाली. मोठ्यानं बोलायला श्वासच येत नव्हता. "आई, पोरीला घ्या."

सासू चुलीपासून ओल्या हातांनीच धावत आली. तिनं आधी नात घेतली, मग सुनेला आडवं केलं.

"उसण भरलीय," तिनं निदान केलं. "थांब, आत्ता काढते."

सासूच्या हाताला गुण आहे असं वस्तीत मानत. कुणाची मान धरली, कुणाचा पाय मुरगळला, की माणसं हिच्या दारात. तिनं तेल कोमट केलं, सुनेला पालथं घातलं आणि मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी अंगठे सरकवत आणले. दुखतं तिथं थांबली आणि तळहाताची टाच देऊन सगळ्या वजनानिशी दाबलं. धाकटीच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पळाल्या.

"निघाली बघ!" सासू समाधानानं म्हणाली आणि घाम पुसला. तिनं मनापासूनच केलं होतं, ह्यात काही शंका नाही.

धाकटी त्या दिवशी पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही उठली नाही. मिठागरावरून थोरली दुपारी आली, ती दारातच पाय धूत उभी राहिली. भिंत पत्र्याची. बाहेर बोललेलं सगळं आत ऐकू यायचं.

"बाळंतपणं आम्हीही केली. आमच्या पाठी काय लोखंडाच्या होत्या? नेमकं आभाळ आलं की हिची पाठ धरते."

कुणी तिला गप्प केलं नाही. तिचं सगळंच खोटं नव्हतं. दोघींच्या वाटचं मीठ दोन दिवस ती एकटी वाहत होती. खाऱ्या पाण्यानं तिच्या टाचांना भेगा पडून त्यांतून रक्त येत होतं.

संध्याकाळी नवरा उशाशी बसला. मुलीच्या पायाशी खेळता खेळता म्हणाला, "उद्या जमेल का गं? भरलेली नको. अर्धी टोपली घे."

त्यानं हुकूम केला असता तर धाकटीला भांडता आलं असतं. तो अजिजीनं बोलला, तिथंच ती अडकली.

"येते," ती म्हणाली.

ती गेली. दोघांनी मिळून अर्धी टोपली तिच्या डोक्यावर ठेवली. नेहमी एक पाऊल टाकलं की पुढचं शरीर आपोआप करायचं. त्या दिवशी प्रत्येक पाऊल तिला सांगून टाकावं लागत होतं. सपाटीवरून ती कशीबशी आली. बांधाचा चढ लागला आणि पाठीतून जोरच गेला. ती पुढे पडली नाही, मागेही पडली नाही. तंबूची मधली काठी काढून घ्यावी तशी जागच्या जागी खाली बसली. सगळी टोपली तिच्या अंगावर रिकामी झाली. मीठ डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं, दुधानं ओल्या झालेल्या चोळीला चिकटलं.

"अरे, मीठ उचला आधी!" मुकादम खालून ओरडला. मग जवळ आला, तिचा चेहरा बघितला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

तिला मिठाच्या हातगाडीवरून घरी आणलं. खाली रिकामी पोती, वर ती, गाडीच्या कडेवरून लोंबणारे पाय. चाक खड्ड्यात गेलं की तिचा हात गाडीची फळी आवळायचा. वाटेत बायका पदर तोंडाला लावून बघत उभ्या होत्या. धाकटीनं घर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. दुखत होतं म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याचा टेम्पो आणला, मागे गादी टाकली आणि तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तान्ही मुलगी त्याच्याच मांडीवर होती.

तिथली डॉक्टरीण धाकटीच्याच वयाची असेल. तिनं पाठीवर अगदी हलकी बोटं फिरवली आणि विचारलं, "उंची कमी झाल्यासारखी वाटते का?"

"उंची कशी कमी होईल?" धाकटी म्हणाली. मग थांबली. "परकर लांब झालेत माझे."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं फोटो काढायला सांगितला, आणखी एक तपासणी सांगितली. सगळं झाल्यावर तिनं तो काळा फोटो उजेडापुढे धरला.

"हे मणके. एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांसारखे दिसायला हवेत. हा, हा आणि हा बघा. चेपलेत."

"पण ती कुठून पडली नव्हती हो," नवरा म्हणाला. "म्हणजे पडली, पण ते नंतर. आधीच दुखत होतं."

"पडावं लागतच नाही. हाडं आतून विरळ झालीत. म्हातारपणी होतं हे बायकांना. क्वचित एखाद्या तरुण बाईला बाळंतपणाच्या सुमाराला होतं. पोटात बाळाची हाडं घडतात, मग दूध तयार होतं. त्याला जे लागतं त्यातलं थोडं आईच्या हाडांतून जातं. सगळ्याच आयांचं जातं आणि पुढे भरून येतं. ह्यांचं जास्त गेलं. ह्यांचंच का, ते मला नक्की सांगता येणार नाही."

धाकटीनं त्या फोटोकडे पुष्कळ वेळ बघितलं. आपल्या आत असं काही आहे आणि ते दिसतं, ह्याचंच तिला नवल वाटत होतं.

"म्हणजे मी सोंग करत नव्हते," ती म्हणाली.

"सोंग? कोण म्हणालं असं?"

नवरा स्वतःच्या पायांकडे बघत होता. पायांवर अजून मिठाचे पांढरे ओघळ होते, ते तो एका अंगठ्यानं दुसऱ्या पायावरून खरवडत राहिला.

डॉक्टरणीनं औषधं दिली, पाठीला पट्टा दिला, कसं उठायचं, कसं बसायचं ते करून दाखवलं. थोडं थोडं चालायचं, उन्हात बसायचं. ओझं उचलायचं नाही. अंगावरचं दूध आता बंद करायचं, म्हणजे जे जातंय ते जायचं थांबेल. आणि काही महिने मुलीलाही उचलायचं नाही.

इथपर्यंत धाकटी मान डोलवत होती. आता तिची मान थांबली.

"मग मी तिची कोण?"

"आईच," डॉक्टरीण म्हणाली. "बसून राहायचं आणि कुणाला तरी मांडीवर द्यायला सांगायचं."

बोलायला सोपं होतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं सांगितलं. सासू उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. सगळे पांगले तेव्हा ती आत आली आणि सुनेच्या पायथ्याशी बसली. बराच वेळ गोधडीची कड सारखी करत राहिली.

"माझ्या दाबण्यानं मोडलं का गं?"

धाकटीला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. टाकावं हे ओझं कुणाच्या तरी डोक्यावर. मग तिनं सासूच्या हातांकडे बघितलं. ते हात मांडीवर उताणे पडले होते, कुणी काढून ठेवल्यासारखे.

"आधीच मोडलं होतं आई. तुमच्या दाबण्यानं वाढलं की नाही, ते मला माहीत नाही. दुखलं मात्र असं, की तुमच्या साऱ्या खानदानाला मनात शिव्या दिल्या मी."

सासू दचकली. मग तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. त्यानंतर कुणी मान चोळून घ्यायला दारात आलं, की आधी डॉक्टरला दाखवून ये म्हणून ती त्याला परत लावायची.

दूध तोडणं मात्र हसण्यावारी जाणारं नव्हतं. डब्यातलं दूध वाटीत कालवलं, चमचा तोंडाला लावला, की पोर तोंड फिरवायची. बापानं पाजून बघितलं, आजीनं पाजून बघितलं. ती ओठ घट्ट मिटायची आणि आईचा वास येईल त्या दिशेला मान वळवून रडायची. पलीकडे धाकटीची छाती दगड झालेली. पट्ट्याखाली पाठ, पट्ट्यावर दूध, दोन्ही ठणकत होतं. मुलगी रडली की दूध आपोआप वाहायचं आणि तिला भिंतीकडे तोंड करून बसावं लागायचं.

असंच चाललेलं असताना एक शेजारीण चौकशीला आली. झोळीत डोकावून म्हणाली, "हीच का ती हाडखाऊ?"

"काय म्हणालात?"

शेजारीण गडबडली. "अगं, सगळेच म्हणतात मिठागरावर. पोरीनं आईची हाडं खाल्ली म्हणून. गमतीत."

"कोण म्हणालं पहिलं?"

शेजारणीला तेवढ्यात घरी काम आठवलं. पण धाकटीला सांगायला लागलं नाही. असं खमंग नाव ठेवावं तर थोरलीनंच.

थोरली मिठागरावरून आली तेव्हा धाकटी दारात उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरून, पण उभी.

"ताई, मला काय म्हणायचं ते म्हणा. नाटकी म्हणा, आळशी म्हणा. पोरीला नाव ठेवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

थोरलीनं डोक्यावरची चुंबळ काढून भिरकावली. "तुझ्याशी गाठ? माझी मान बघ. बघ ना! उजवीकडे वळत नाही. दोघींचं मीठ वाहतेय मी. तुला फोटो काढून मिळाला, सगळे तुझ्याभोवती गोळा झाले. माझी पाठ दुखते का, विचारलं कुणी?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थोरलीच्या कपाळावर मीठ सुकून भेगाळलं होतं. चुंबळीचा वळ लाल होऊन उठला होता. धाकटीनं तो वळ ओळखला. तिच्या कपाळावरचा आत्ताच कुठे फिका होत आला होता.

"नाही विचारलं," धाकटी म्हणाली. "माझंच चुकलं. पण ती तान्ही आहे ताई. उद्या मोठी होईल. आईला मी मोडलं, असं तिला वाटायला नको."

आत झोळीत मुलगी रडत होती, नुसती रडत नव्हती तर आता तिचा आवाजही बसला होता. सासू वाटी घेऊन हताश बसलेली. थोरलीनं तोंडावर पाणी मारलं, हात धुतले, आणि सासूच्या हातातून वाटी ओढून घेतली.

"चमचा कशाला? गुदमरतेय ती चमच्यानं." तिनं पोरीला आडवं घेतलं, करंगळी दुधात बुडवली आणि तिच्या ओठांत दिली. पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं. मग चोखली. बहुतेक त्या बोटाला अजून मिठाची चव असावी. थोरलीनं पुन्हा बुडवली. असं बोटाबोटानं बराच वेळ गेला. शेवटी तिनं वाटीची कड हळूच ओठांना टेकवली, आणि मुलगी घुटके घ्यायला लागली.

"भवानी," थोरली पुटपुटली. "भूक तर केवढी होती, आणि ऐट केवढी."

भिंतीकडे तोंड करून बसलेली धाकटी तो घुटक्यांचा आवाज ऐकत होती. तिला बरं वाटत होतं आणि आतून काहीतरी तुटतही होतं.

मग एका दुपारी ते ढग निघून गेले नाहीत. आधी वारा आला, बांधावरची वाळली पानं वाफ्यांत भिरकावली गेली, आणि पहिले थेंब मिठावर टपटपले. घरातलं प्रत्येक माणूस धावलं, सासूसुद्धा. मुलगी चटईवर झोपलेली, तिच्याजवळ धाकटी एकटी.

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला तशी पोर दचकून उठली आणि किंचाळायला लागली. धाकटीचे हात पुढे गेले आणि तिनं ते मागे घेतले. बाहेर वर्षाचं पीक वाहून चाललेलं, आणि आत हातभरावरचं लेकरू उचलता येईना. ती आधी गुडघ्यांवर टेकली, मग कुशीवर झाली, मग सावकाश, दात आवळून, पोरीशेजारी चटईवर आडवी झाली. एक हात तिच्या अंगावर टाकून तोंड तिच्या कानाशी नेलं आणि मनाला येईल ते बडबडत राहिली. पावसाच्या आवाजात तिचे शब्द तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हते. पोरीला मात्र गालावर श्वास लागत असावा. ती हळूहळू निवली आणि आईची हनुवटी चोखायला लागली.

निम्मं मीठ गेलं. निथळत उभ्या असलेल्या माणसांपुढे मुकादम म्हणाला, "एक डोकं कमी पडलं तुमच्या घरचं. नाहीतर वाचलं असतं."

थोरलीच पुढे झाली.

"एक मणका मोडून घ्या मुकादम, आणि मग टोपली उचलून दाखवा. मोजायला मी उभी राहते."

तिथं कुणी हसलं नाही. पण 'हाडखाऊ' हे नाव त्या दिवसानंतर मिठागरावर ऐकू आलं नाही. ज्या बाईनं ठेवलं होतं, तिच्यासमोर ते घ्यायची कुणाची छाती होणार?

पावसाळा घरात गेला. धाकटी पट्टा बांधून आधी दारापर्यंत चालली, मग विहिरीपर्यंत. मग उघडीप मिळाली की बांधाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला लागली. वाटेत दम लागायचा. आपली सावली बुटकी दिसते असं तिला वाटायचं, आणि ते नुसतं वाटणं नव्हतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीण खूश झाली. हाडं भरायला लागली होती. पण चेपलेले मणके पुन्हा उभे राहणार नव्हते. गेलेली उंची गेली. डोक्यावर ओझं आयुष्यात नाही. पुढच्या बाळाचं मनात आलं तर आधी इथं येऊन विचारायचं.

टेम्पोत बसल्यावर धाकटी थोडी रडली. डोक्यावरचं ओझं गेलं म्हणून कुणी रडत असेल का? ती रडली. ती चाल तिची होती.

नव्या हंगामात मीठ पोत्यांत भरायला लागले, तेव्हा तिनं स्वतःच काम मागितलं. पोत्यांची तोंडं शिवायचं. थोरल्या दिरानं तिला लाकडी खोक्याला टेकायला फळी ठोकून बसायला जागा करून दिली. माणसं भरलेलं पोतं तिच्यासमोर आणून उभं करत आणि ती मोठ्या सुईनं भराभर टाके घालत जाई. थोरलीबरोबर आता दुसऱ्या घरची एक मुलगी वाहायला होती. जाता येता थोरली ओरडायची, "टाका घट्ट घाल गं, राणीसाहेब!" आणि धाकटी तोंडात सुतळी धरूनच तिला काहीबाही उत्तर द्यायची.

मुलगी आता चालायला लागली होती. सासू तिला संध्याकाळी बांधावर घेऊन यायची. आली की ती सुटायचीच. दिसेल त्याच्यापुढे हात वर करून उभी राहायची. बाप दिसला की हात वर, काका दिसला की हात वर, थोरलीपुढे तर पाय आपटून हात वर. ज्याच्या त्याच्या कडेवर बसून ती राज्य करायची.

त्या दिवशीही ती थोरलीच्या कडेवरून खाली उतरली आणि पोत्यांमधून वाट काढत, डुलत डुलत आईकडे निघाली. नवी आलेली मुलगी तिथंच टोपली टेकवून बघत होती. ती कौतुकानं म्हणाली, "आता आईकडे हात वर करणार बघा."

पोर आईपुढे येऊन थांबली. तिनं हात वर केले नाहीत. ती सरळ खाली मातीत बसली, शेजारची जागा हातानं थोपटली आणि मान वर करून आईकडे बघत राहिली.

"अगं बाई," ती मुलगी हसली. "ही अशी काय?"

थोरलीनं तोंड फिरवलं आणि पदरानं कपाळावरचं मीठ पुसायला लागली. पुसत होती कपाळ, पण पदर डोळ्यांवर होता.

धाकटीनं सुई पोत्यात खोचली. खोक्याला धरून उठली, पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवले आणि डॉक्टरणीनं शिकवलं होतं तशी सावकाश खाली आली. तिला वेळ लागला. मुलीनं कुरकुर केली नाही. एवढा वेळ लागतोच, हे तिला जन्मापासून माहीत होतं. आई टेकली तशी ती सरकत सरकत तिच्या मांडीवर चढली.